सरपणाला ताडपत्रीचं गाठोडं नको

मे महिना लागला की कोकणातल्या गावागावांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सरपण टिकवायचा एक "रामबाण उपाय" फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: तोडलेली लाकडं सालीसकट अंगणात जमिनीवरच रचा, मधे खडेमीठ पेरा, वरून गाडीचं जळकं ऑईल नाहीतर वाळवीचं औषध मारा आणि ताडपत्रीत चारी बाजूंनी हवाबंद गुंडाळून दोरी आवळा. पाच वर्षं लाकूड कुजणार नाही, कीड लागणार नाही.

लाकडावर पाऊस पडू द्यायचा नाही, एवढं त्यातलं खरं. बाकीचं वाचून लोक तसंच करतात आणि ऐन पावसात चुलीपुढे धुराने डोळे चोळत बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"हवाबंद गुंडाळा"

सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. ताज्या तोडीच्या लाकडाच्या वजनात तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत नुसतं पाणी असतं. ते बाहेर जायला ऊन लागतं आणि त्याहून जास्त वारा लागतो. गाठोडं बांधलं की लाकडातली वाफ आणि खालच्या जमिनीतली ओल दोन्ही आत अडकतात. रात्री ताडपत्री गार पडते, आतल्या बाजूला थेंब धरतात आणि तेच परत लाकडावर ठिबकतात. बाहेर पाऊस थांबला तरी आतला थांबत नाही.

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात शेजारच्या काकींचं असंच गाठोडं सोडायला गेलो होतो. निळी ताडपत्री उचलली तर आतून पाण्याचे ओघळ, आंबूस वास, आणि आंब्याच्या ढलप्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी. एक ढलपी हातात घेतली, ती वजनाला भलतीच हलकी. अंगठ्याने दाबली तशी ओल्या पुठ्ठ्यासारखी चेपली. काकी म्हणाल्या, "झाकून ठेवलंय, तरी भिजली कशी रे?" मोदकांच्या आदल्या आठवड्यात घरात सुकं लाकूड नाही, ही अडचण चुलीवर रांधणाऱ्या बाईलाच कळेल.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते. लाकडातलं पाणी त्याच्या सुक्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या खाली असेल तर ती वाढत नाही. 30 टक्क्यांच्या आसपास गेलं की मात्र तिचं फावतं. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की आडोशाला ठेवलेलं सुकं लाकूडसुद्धा नुसत्या हवेतली ओल घेऊन 17-20 टक्क्यांपर्यंत चढतं. म्हणजे आपण आधीच काठावर उभे असतो. वर छप्पर आणि बाजू मोकळ्या असतील तर लाकूड त्या काठावरच राहतं, गाठोड्यात ते पलीकडे जातं.

म्हणून फक्त माथा झाका. पत्रा, जुनी कौलं, झापं, ताडपत्री, काहीही चालेल, पण उतार द्या आणि कडा रचाईच्या हातभर बाहेर काढा. ज्या बाजूने झड येते तिथे झावळ्यांचा कुड उभा करा, तोही लाकडाला चिकटवून नको. आंबोलीसारख्या ठिकाणी, जिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे उघड्यावर ठेवण्याचा विचारच सोडा. तिथे पडवी किंवा खोपीच हवी, पण तिलाही वारा खेळायला जागा ठेवा.

"जमिनीवरच रचा"

सरपणाला लागणारी वाळवी बहुतेक करून जमिनीतून येते. तिला उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही, म्हणून ती मातीच्या नळ्या करून त्यांच्या आतून चढते. लाकूड मातीला टेकलं असेल तर तिला नळीचीसुद्धा गरज पडत नाही.

खाली जांभ्याचे चिरे मांडा, त्यावर आडव्या बल्ल्या टाका आणि मग रचा. जमिनीपासून वीतभर तरी अंतर हवं. चिऱ्यांवरून वाळवी चढतच नाही असं मी म्हणणार नाही. चढते, पण तिची नळी उघड्या चिऱ्यावर डोळ्यांना दिसते. आठवड्यातून एकदा वाकून बघायचं आणि नळी दिसली की खराट्याने मोडायची. भिंतीला टेकवून रचू नका, हे तर आणखी महत्त्वाचं. तीच वाट पुढे वाशांपर्यंत जाते आणि सरपणाच्या नादात घराचं छप्पर पोखरलं जातं.

"साल लाकडाचं रक्षण करते"

उभ्या झाडाचं करते. तोडलेल्या लाकडात साल ओल धरून ठेवते आणि तिच्या भेगांत भुंगेरे अंडी घालतात. अळ्या साल आणि लाकूड यांच्या मधल्या मऊ भागावर पोसतात. सगळं सोलत बसायला कोणाला वेळ नसतो, ते जाऊ दे. पण ओंडके फोडून ठेवा. फोडलेली ढलपी अख्ख्या ओंडक्यापेक्षा कितीतरी लवकर वाळते आणि सालही आपसूक सुटायला लागते. आंबा, सावर, पांगारा, रबर ही लाकडं लवकर किडतात, ती पहिल्या पावसाळ्यातच संपवा. बाभूळ, खैर, किंजळ दम धरतात. ढलपीतून पिठासारखी भुकटी पडायला लागली तर घाबरायचं कारण नाही, ती ढलपी आधी चुलीत घाला.

"खडेमीठ पेरा"

हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून पाझरायला लागतं, आणि कोकणात जून ते सप्टेंबर हवा जवळपास कायम त्याच्या वरच असते. कोरडं ठेवायच्या लाकडात पाणी ओढणारी वस्तू कशाला घालायची? शिवाय मिठाचं लाकूड जाळलं की चुलीवरचं लोखंड लवकर गंजतं.

"जळकं ऑईल किंवा वाळवीचं औषध मारा"

इथे नुकसान लाकडाचं नाही, माणसांचं आहे. हा समज कुठून आला ते कळतं. बांधकामाचं लाकूड, विजेचे खांब, रेल्वेचे स्लीपर यांना औषध देतातच. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं प्रसिद्ध मिश्रण तर 1933 मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी तयार केलं आणि ते जगभर वापरलं गेलं. पण ते लाकूड उभं राहण्यासाठी होतं. तसलं लाकूड जाळलं की आर्सेनिक धुरात आणि राखेत उतरतं. जुन्या खांबांचे तुकडेही म्हणूनच चुलीत घालायचे नसतात.

जळक्या ऑईलमध्ये इंजिनाच्या झिजेचे धातू असतात आणि कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं असतात. 2016 च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. वाळवीसाठी सर्रास मिळणारं क्लोरपायरीफॉस हे मज्जासंस्थेवर परिणाम करणारं विष आहे. हे सगळं आपण फुंकणीने फुंकणार, त्यावर भात शिजणार, न्हाणीत त्याचा धूर लहान पोरांच्या अंगावर येणार. आणि राख? ती आपण भांड्यांना लावतो, बियाण्याला चोळतो, लाल माठाच्या वाफ्यात टाकतो. कृपा करून हे करू नका.

"पाच वर्षं टिकेल"

पाच वर्षं ठेवायचंच कशाला? एकदा नीट वाळलं की त्यानंतर लाकूड सुधारत नाही, झिजत जातं. दिवाळीनंतर तोडून फोडलेलं लाकूड मृगापर्यंत वाळतं. टोकांना भेगा पडल्या आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यावर टणटण वाजल्या की झालं. ओलं लाकूड धप वाजतं. नवी रास जुनीच्या पुढ्यात रचू नका, नाहीतर मागचं मागेच राहतं आणि तेच कुजतं. पंधरा दिवसांचं सरपण चुलीवरच्या माळ्यावर चढवून ठेवायची आपली रीत उत्तम आहे. लाकूड वाळवायचं आणि कीड लांब ठेवायची, ही दोन्ही कामं तिथली ऊब आणि धूर औषधाशिवाय करतात.

यंदा कोणी आधीच गाठोडं बांधून ठेवलं असेल तर पहिल्या उघडिपीला बाजू सोडा, बुरशी धरलेली लाकडं वेगळी काढा आणि उरलेली चिऱ्यांवर नव्याने रचा. ताडपत्रीखाली थेट हात घालू नका. आधी काठीने उचला, उजेड पडू द्या, क्षणभर थांबा. कातळपट्ट्यात अशा दमट अंधाऱ्या जागी फुरसं हा विषारी साप वेटोळं घालून बसलेला असतो आणि त्याचा रंग सुक्या पानात मिसळून जातो.