साभार परत

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात वार्षिकांकांचं एक कपाट आहे. नोकरीला लागले त्या वर्षी एका दुपारी मी ते सगळे अंक काढून बसले होते. कुठलाही उघडा: आधी पदाधिकाऱ्यांचे फोटो, मग शुभेच्छा संदेश, मग मनोगत, मग विभागांचे अहवाल, आणि उरलेल्या पानांत 'आई', 'मैत्री', 'पाऊस', 'माझा गाव'. संपादक मंडळाच्या फोटोत खुर्च्यांवर प्राध्यापक आणि मागं उभी मुलं. त्या उभ्या असलेल्यांपैकी एकजण आता गावातच दुकान चालवतो. त्याला मी विचारलं, "तू विद्यार्थी संपादक होतास ना, काय काय केलं होतंस?" तो म्हणाला, "फोटोला बोलावलं होतं मॅडम."

ते उत्तर मला आजही टोचतं. त्याला वर्षभर एका अंकाजवळ उभं राहायला मिळालं असतं, तर तो काय काय शिकला असता! आणि त्याच्या वाट्याला आला तो एक फोटो.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवते. गेली सहा वर्षं आमचा अंक मुलं काढतात. खरोखर काढतात. दुसऱ्या कॉलेजांतले मित्रमैत्रिणी विचारत असतात की हे जमवता कसं, म्हणून आज सविस्तर लिहितेय. माझं म्हणणं थोडक्यात असं: मुलांच्या हातात अंक द्यायचा असेल तर नाकारण्याच्या अधिकारासकट द्या. साहित्य गोळा करणं, टाईप करून घेणं, प्रेसवर फेऱ्या मारणं ही कामं सगळेच मुलांवर टाकतात. काय छापायचं आणि काय नाही, हे मात्र स्टाफरूममध्ये ठरतं. संपादन तर तिथंच असतं.

पहिल्या वर्षी नऊ मुलं होती आणि साहित्य आलं होतं एकशे चाळीस. आम्ही नावं झाकली आणि प्रत्येक गोष्ट मोठ्यानं वाचायची असं ठरवलं. पहिल्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच शेरा: 'छान'. एखादीवर 'बरी'. दुसऱ्या दिवसापासून मी 'छान' या शब्दाला बंदी घातली. कुठल्या ओळीपाशी थांबलात ते लिहा. कुठं कंटाळून पुढं सरकलात ते लिहा. दोन ओळींत, पण नेमकं. आठ दिवस त्यांना काही सुचेना. बी.ए.ची तीन-तीन वर्षं आपण त्यांना 'कवितेचा आशय व अभिव्यक्ती' यावर दहा मार्कांचं उत्तर लिहायला शिकवतो. एखादी ओळ वाचताना स्वतःला नेमकं काय झालं, हे त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

मग आली नकार कळवायची वेळ. एका मुलानं मसुदा आणला: 'आपली कविता आमच्या निकषांत बसत नसल्याने साभार परत करीत आहोत.' मी म्हटलं, असं पत्र तुला आलं तर पुढची कविता लिहिशील? तो बराच वेळ गप्प बसला, कागद घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी हे घेऊन आला: 'तिसऱ्या कडव्यात तुम्ही गाळ काढायला विहिरीत उतरलेल्या बापाबद्दल लिहिलंय. ते वाचल्यावर आम्ही सगळे गप्प झालो. पण पहिली दोन कडवी कुणीही लिहिली असती. तिसऱ्यापासून सुरुवात करून बघाल का?' आठवडाभरात कविता परत आली. अकरा ओळींची. ती आम्ही पहिल्या पानावर छापली.

त्या दिवशी मी वर्गात 'सत्यकथे'बद्दल बोलले. हे मासिक १९८२मध्ये बंद पडलं, म्हणजे या मुलांचे आईबाप तेव्हा रांगत असतील. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना कशी पत्रं लिहायचे, कथा पुन्हा लिहून घ्यायचे, हे मी सांगितलं. त्याच 'सत्यकथे'च्या विरोधात लघुअनियतकालिकं, म्हणजे ठरावीक वेळापत्रक नसलेली छोटी मासिकं, निघाली, हेही सांगितलं, कारण मुलांना एकच बाजू कळली तर ती अर्धवट राहील. कोलटकर-चित्र्यांचं 'शब्द' सायक्लोस्टाइल करून निघायचं. नेमाड्यांचं 'वाचा' आमच्या मराठवाड्यातूनच, औरंगाबादेतून निघालं. आणि मिलिंद महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' दीर्घकाळ चालवलं, दलित साहित्याच्या कितीतरी लेखकांना तिथं पहिल्यांदा जागा मिळाली. तेही कुणा धनिकाचं नियतकालिक नव्हतं, एका शिक्षकाचं होतं. हे ऐकताना मागच्या बाकावरची मुलंही सरसावून बसली.

ढापलेल्या कविता आमच्याकडेही येतात. पूर्वी व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या यायच्या, आता मोबाईलला सांगून लिहून घेतलेल्या येतात. त्या पकडायला मला कुठलं यंत्र लागलं नाही. मुलंच लेखकाला बोलावतात, चहा पाजतात आणि विचारतात, ही ओळ कशी सुचली? ज्यानं लिहिलीय तो अर्धा तास बोलतो. ज्यानं लिहिलेली नाही तो दोन मिनिटांत म्हणतो, "राहू द्या, मी दुसरं देतो." त्या दुसऱ्यातून कधी कधी खरंच चांगलं काही निघतं. म्हणून त्याला चारचौघांत उघडं पाडायचं नाही, हा आमचा पहिल्या वर्षापासूनचा नियम आहे.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचा लेख आला, व्हॉट्सॲपवर, एकही पूर्णविराम नसलेला. नोव्हेंबर होता. ती आईबरोबर कारखान्यावर गेली होती, ऊसतोडीला, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेऊन. आमच्याकडे दिवाळीनंतर वर्गातली निम्मी बाकं कशी रिकामी होतात, हे बीडकरांना सांगायला नको. लेख कोपीतल्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीतल्या दिवसांबद्दल होता: पहाटे तीनला उठणं, वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे विकून आलेल्या पैशांत किराणा भरणं, गाडी भरेपर्यंत पाचटावर झोपलेला धाकटा भाऊ. लेखात एक वाक्य होतं: 'बाप गेला आणि माय अर्धा कोयता झाली.'

संपादन करणारा मुलगा हुशार. गावातल्या व्यापाऱ्याच्या घरचा, शुद्धलेखन चोख. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२चे आणि पुढचे चार १९७२चे, असे अठराही त्यानं वहीत उतरवून घेतलेले. त्यानं लाल शाईनं वाक्य सुधारलं: 'वडील वारल्यानंतर आई अर्ध्या कोयत्याने ऊस तोडू लागली.'

ते वाक्य बघून माझ्या पोटात खड्डा पडला. तरी मी काही बोलले नाही. म्हटलं, तिला फोन लाव आणि तुझं वाक्य वाचून दाखव.

फोन स्पीकरवर होता. पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, कोयता म्हंजी हत्यार न्हाई. कोयता म्हंजी जोडी. नवराबायकोची. दोघांचा मिळून एक कोयता, उचल बी कोयत्यावरच मिळती. बाप गेला म्हणून माय अर्धा कोयता." खोलीत कुणी बोललं नाही. तो मुलगा कागदाकडं बघत राहिला, मग त्यानं स्वतःच्या लाल शाईवर काट मारली.

त्यावर दोन दिवस चर्चा चालली. तळटीप द्यायची का? एक गट म्हणे, वाचकाला कळलं पाहिजे. दुसरा म्हणे, तळटीप दिली की तिची माय अभ्यासाचा विषय होईल. शेवटी त्याच मुलानं तिला पुन्हा फोन केला आणि विचारलं, ज्याला हे माहीत नाही त्याला तुझ्याच भाषेत कसं सांगशील? तिनं तिथल्या तिथं पुढचं वाक्य सांगितलं: 'मुकादमानं उचल बी निम्मीच दिली.' तळटिपेची गरज संपली. दोन वाक्यं शेजारीशेजारी छापली, सगळा हिशोब त्यात आला.

संपादन म्हणजे काय, हे मला बारा-पंधरा वर्षं शिकवून मुलांपर्यंत पोचवता आलं नव्हतं. ते त्या एका फोननं पोचलं. दुसऱ्याचं वाक्य आपल्याला कळत नाही तेव्हा पहिली शंका आपल्या अज्ञानावर घ्यायची, आणि लेखकाला विचारायचं. शुद्धलेखन शिकवायलाच हवं, मी त्याबाबतीत फार कडक आहे, ऱ्हस्वदीर्घाची चूक माझ्याकडून सुटत नाही. पण पात्राच्या तोंडची बोली त्या नियमांनीसुद्धा बाद केलेली नाही. मराठवाड्यातली मुलं पुण्याच्या मराठीत लिहायला धडपडतात आणि स्वतःचे शब्द घराच्या दारात काढून ठेवतात. कॉलेजच्या अंकानंही तेच करायला लावलं, तर त्यांनी ते शब्द न्यायचे कुठं?

प्रेसचं शिक्षण वेगळंच. पहिल्यांदा मी वर्तमानपत्राचा एक मोठा कागद आणला आणि तीन वेळा घडी घालायला लावली. आठ पानं, सोळा पृष्ठं. त्यांवर एकपासून सोळापर्यंत आकडे टाकायचे आणि कागद उलगडायचा. एकच्या शेजारी सोळा बघून मुलं चक्रावतात. फर्मा म्हणजे काय, हे त्यानंतर कुणाला सांगावं लागत नाही. त्या वर्षी मजकूर त्र्याऐंशी पृष्ठांचा झाला होता. पाच फर्म्यांत बसतात ऐंशी. सहावा फर्मा घ्यावा तर कागदाचा खर्च वाढतो आणि तेरा पृष्ठं कोरी राहतात. तीन पृष्ठं कमी करायची होती. मी वाट बघत होते की ही मुलं आता कुणाची कथा कापतात. त्यांनी आधी स्वतःच्या संपादक मंडळाच्या फोटोचं पृष्ठ काढलं. मग स्नेहसंमेलनाच्या अहवालातली दोन पृष्ठं कमी केली, आणि तो अहवाल लिहिणाऱ्या सरांना जाऊन सांगायचं कामही त्यांनीच केलं. सर रागावले. मुलं तासभर उभी राहिली, पण पानं कमी करून आली.

प्रूफं आम्ही जोडीनं वाचतो. एकानं मूळ प्रतीवरून मोठ्यानं वाचायचं, विरामचिन्हांसकट, "स्वल्पविराम", "अवतरण सुरू", "अवतरण बंद", आणि दुसऱ्यानं प्रूफावर बोट ठेवून चालायचं. बाहेरून जाणाऱ्याला वाटतं आत मंत्र चाललेत. मोबाईलवर युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर प्रेसच्या जुन्या फॉण्टमध्ये नेला की 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर'. मुलांनी अशा शब्दांची यादीच केलीय आणि तेवढ्यासाठी एक वाचन वेगळं ठेवलंय.

एवढं करूनही दुसऱ्या वर्षी एका कवितेचं शेवटचं कडवं मांडणीत गळलं. पाचशे अंक छापून, बांधून आले होते. शेवटचं प्रूफ माझ्याच सहीनं गेलं होतं, त्यामुळे चूक माझी होती. कवितेचा मुलगा म्हणाला, "असू द्या मॅडम." माझी मुलं मात्र ऐकेनात. चार ओळींच्या पट्ट्या छापून आणल्या, कात्री आणि डिंक घेऊन दोन संध्याकाळी बसली आणि पाचशेच्या पाचशे अंकांत ते कडवं जागच्या जागी चिकटवलं. तो अंक माझ्या टेबलावर आहे. त्या पानावर बोट फिरवलं की पट्टीची कड लागते.

अडचणी आहेत, नाही कशाला म्हणू? सेमिस्टर पद्धत आल्यापासून मुलं सलग तीन महिने कधी हाताशी लागत नाहीत. फोटो आणि संदेशांची पानं कमी करायला मला तीन वर्षं लागली, प्रत्येक वेळी कुणी ना कुणी दुखावलं. 'कॉलेजच्या मूल्यांकनासाठी अंक दिसला म्हणजे झालं, पीडीएफ करा' असं सांगणारेही भेटले. पण प्रवेशाच्या वेळी मुलांकडून अंकाचे पैसे घेतो, तर अंक त्यांच्या हातात पडला पाहिजे, आणि तो त्यांचा असला पाहिजे. नव्या शैक्षणिक धोरणात कौशल्याच्या अभ्यासक्रमांना श्रेयांक आहेत. मग संपादन आणि मुद्रितशोधन तिथं का बसू नये? आमच्या भाषेत १९०९पासून दिवाळी अंक निघतात. त्यांना उद्या मुद्रितशोधक आणि संपादक लागणार आहेत, आणि आजच कुठल्याही प्रकाशकाला विचारा, चांगलं प्रूफ वाचणारा माणूस मिळता मिळत नाही. आमच्यातल्या दोघी आता घरबसल्या प्रूफं वाचून स्वतःचा खर्च भागवतात.

म्हणून माझ्यासारख्या शिक्षकांना कळकळीनं सांगते, या वर्षी एकदा करून बघा. जूनमध्येच मुलं निवडा, मराठीचीच हवीत असं नाही. माझा सगळ्यात चांगला मुद्रितशोधक बी.एस्सी.चा होता. त्यांना नाही म्हणू द्या, आणि त्यांनी कुणाला नाही म्हटलं की त्यांच्या पाठीशी उभे राहा. स्टाफरूममध्ये वाईटपणा येईल, तो घ्या.

ऊसतोडीच्या लेखाचा तो अंक मार्चमध्ये आला. ती मुलगी एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, परतली आणि थेट विभागात आली. लेखकाला दोन अंक मिळतात. तिनं स्वतःचं पान उघडलं, उभ्या उभ्या वाचलं, दोन्ही वाक्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मॅडम, आणखी तीन मिळतील का?" मी म्हटलं, मिळतील की, कुणाला देणार? ती बोटांवर मोजायला लागली: एक मायला, एक मामाला, एक धाकट्याच्या शाळेत, एक टोळीतल्या काकूला.

"आणि एक मुकादमाला."