दोन शहरे, एक पगार

दुसऱ्या शहरातील नोकरीचे पत्र आले, की त्यातला पगाराचा आकडा सुरुवातीला फार देखणा दिसतो. मग घरातले कोणीतरी ‘पण तिथली महागाई?’ एवढेच विचारते आणि त्या देखण्या आकड्याचा चेहरा उतरतो. आमच्याकडे हा प्रश्न बायकोने विचारला. मीही तोच विचार करत होतो, असे तत्परतेने सांगून मी संगणकावर तक्ता मांडायला बसलो. एका बाजूला हे शहर, दुसऱ्या बाजूला ते शहर, आणि खाली घरभाडे, प्रवास, शाळा, वीज, औषधे आणि ‘इतर’ अशा ओळी. त्यांपैकी ‘इतर’ ही ओळ पुढे बाकीच्या सगळ्या ओळींना पुरून उरली, हे संसारी वाचकांना वेगळे सांगायला नको.

प्रथम मी तयार निर्देशांकांकडे वळलो. शहरांच्या महागाईच्या बऱ्याच गाजलेल्या याद्या न्यूयॉर्कला 100 गुण देऊन बाकीच्या जगाला त्या पट्टीने मोजतात. न्यूयॉर्कचे तोंडही न पाहिलेल्या माणसाने आपल्या दोन शहरांचा तंटा सोडवायला तिथवर का जावे, हे मला उमगले नाही. शिवाय यांतल्या काही याद्या परदेशी नेमणुकीवर जाणाऱ्या अधिकाऱ्यांचे भत्ते ठरवण्यासाठी केलेल्या असतात. म्हणजे ज्यांचे घरभाडे बहुधा कंपनीच भरते, त्यांच्या काळजीने. ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने 1986 मध्ये देशोदेशीच्या चलनांची तुलना करण्यासाठी एका बर्गरची किंमत धरली, कारण तो सगळीकडे जवळपास सारखाच मिळतो. कल्पना नामी आहे, परंतु बर्गरमध्ये बिऱ्हाड थाटता येत नाही.

मग नातेवाइकांना विचारले. त्या शहरात चौघांत एक खोली घेऊन राहणारा अविवाहित मामेभाऊ म्हणाला, “दादा, फुकट आहे इथे सगळं!” त्याच शहरात दोन मोटारी बाळगणाऱ्या मावशी म्हणाल्या, की तिथे सभ्य माणसाला जगणेच अशक्य आहे. दोघेही खरे बोलत होते. फक्त दोघांनीही मला शहराचा भाव न सांगता स्वतःचा भाव सांगितला.

अखेर मी सांख्यिकीला शरण गेलो, आणि तिथे खरी पंचाईत झाली. लासपेअर या जर्मन पंडिताने 1871 मध्ये सांगितलेल्या रीतीने जायचे, तर आपल्या सध्याच्या खरेदीची टोपली जशीच्या तशी उचलून दुसरीकडच्या भावाने मोजायची. तसे केल्यावर ते शहर चांगलेच महाग निघाले, कारण आम्ही इथे भरपूर वापरतो ते इथे स्वस्त आहे म्हणूनच भरपूर वापरतो. पाशे या दुसऱ्या जर्मन पंडिताने 1874 मध्ये उलटा मार्ग दाखवला, की तिथल्या लोकांची टोपली घेऊन दोन्हीकडचे भाव लावा. तसे केल्यावर आमचेच शहर महाग निघाले. दोन्ही शहरे एकमेकांपेक्षा महाग आहेत, असे मी घरात जाहीर केले, तेव्हा बायकोने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. यावर 1922 मध्ये फिशर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही उत्तरांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्यावे असा तोडगा पुढे मांडला आणि त्या निर्देशांकाला ‘आदर्श’ म्हटले. भाऊबंदकीत पंच दोन्ही पक्षांना सारखेच नाराज करतो, त्यातलाच हा प्रकार.

तक्त्यात एक गोष्ट मात्र स्वच्छ दिसत होती. जे मालमोटारीत घालून नेता येते, उदाहरणार्थ फोन किंवा शीतकपाट, त्याचा भाव दोन्हीकडे जवळजवळ सारखा होता. जे नेता येत नाही ते सारे भडकलेले होते. बलास्सा आणि सॅम्युअलसन या अर्थशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये स्वतंत्रपणे देशांबद्दल जे मांडले, ते शहरांनाही बरेचसे लागू पडते. आसपासच्या उद्योगांत मजुरी वाढली, की न्हाव्यालाही जास्त द्यावे लागते, नाहीतर तो कात्री ठेवून त्या उद्योगांत जाईल. तो कापतो मात्र तेवढेच केस, आणि माझ्या बाबतीत तर दरवर्षी कमी. न्हाव्याचे एक वेळ सोसेन, पण सगळ्यांत अचल वस्तू म्हणजे जमीन, आणि घरभाड्याची ओळ पाहून मी तक्ता थोडा वेळ बंदच ठेवला.

लांब घर घेतले तर भाडे उतरते, म्हणून मी शहराच्या टोकाकडे सरकत गेलो. तेव्हा बायकोने प्रवासाशेजारी ‘वेळ’ अशी नवी ओळ घालायला लावली. वेळेचा दर काय धरायचा? मी पगारावरून माझ्या एका तासाची किंमत काढली. ती घरात कोणालाही मान्य झाली नाही.

शेवटी हा सगळा तक्ता मी पगार वाढवून मागण्यासाठी नव्या कंपनीला पाठवला. उलट टपाली त्यांचा तक्ता आला. तो माझ्यापेक्षा नीटनेटका होता, आणि त्यानुसार त्यांचे शहर आमच्या शहरापेक्षा स्वस्त असल्यामुळे देऊ केलेला पगार उदारच ठरत होता. मी बारकाईने पाहिले, तर त्यांनी पाशे यांची टोपली उचलली होती. मी फिशर यांच्या वर्गमुळावर तडजोड सुचवली आहे. त्यांच्या मनुष्यबळ विभागाने वर्गमूळ नेमके कशाचे, अशी विचारणा केली आहे.