ताईंच्या बँडसॉबद्दल, एका स्टारला उत्तर

ताई, नमस्कार. दुकानाचा मालक स्वतः लिहितोय. तुमचा रिव्ह्यू रविवारीच वाचला होता. लगेच लिहायला बसलो असतो तर भांडलो असतो, म्हणून तीन दिवस जाऊ दिले.

इतर वाचणाऱ्यांसाठी ताईंची तक्रार थोडक्यात: चौदा इंची बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या ब्लेडने लाकूड कापायचं मशीन) दुरुस्त करून आठ दिवसांत देतो म्हणालो आणि २६ दिवस लावले. ६,५०० सांगून ९,८०० घेतले. ओरिजिनल पार्टऐवजी ‘नागदेवीचा माल’ (मुंबईच्या नागदेवी बाजारातला) घातला, चाकावर सायकलची ट्यूब चिकटवली, गरज नसताना मोटर बदलायला लावली आणि एवढं करून मशीन घरी टक-टक वाजतंय. शिवाय काउंटरवरच्या पोराने त्यांना विचारलं, ‘सर कधी येणार आहेत?’

हे शेवटचं आधी घेतो. मशीन तुमचं, खेळणी तुम्ही बनवता, नमुन्याला कापलेला हत्तीही पिशवीतून तुम्हीच काढून दाखवला होता. तरी पोराने ‘सर’ शोधले. पोराला दम दिला, असं लिहून मी मोकळा होऊ शकतो. पण मी तिथेच बिल फाडत होतो, ऐकलं आणि गप्प बसलो. माफ करा.

आता मोटर. कपॅसिटर गेला होता, एवढंच बदलायचं होतं, असं तुम्ही लिहिलंय. कपॅसिटर फुगला होता हे खरं, पण तो एकटा नव्हता. तुमचं मशीन अमेरिकेतून आलेलं, सेकंडहँड घेतलेलं. प्लेटवर ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ (विजेची सेकंदाला ६० आवर्तनं), १७२५ आरपीएम (मिनिटाला फेरे). विकणाऱ्याने सोबत ट्रान्सफॉर्मर दिला आणि ‘सगळं चालतं’ म्हणाला. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. त्यावर ती मोटर एक षष्ठांशाने हळू फिरते आणि तिच्या पोटातलं लोखंड जास्त तापतं. तुमची मोटर उघडली तेव्हा आतल्या तारांचं वाइंडिंग कढईच्या बुडासारखं काळं होतं. नवा कपॅसिटर टाकून दिला असता तर स्वस्तात झालं असतं आणि दिवाळीच्या ऑर्डरच्या मधोमध ती बसली असती.

नवी मोटर २३० व्होल्टची, एक एचपी, १४४० आरपीएम. इथे उशिराचं मूळ आहे. जुन्या मोटरचा शाफ्ट पाच अष्टमांश इंच, म्हणजे १५.८८ मिलिमीटर, आणि नव्याचा १९. जुनी अडीच इंची पुली बोअर करून बसवता आली असती, पण मग ब्लेड मंद चाललं असतं. १७२५ आणि १४४० यांचा हिशेब केला की मोटरची पुली तीन इंची हवी. ती बिडाची आणली, भोक मोठं करून त्यात कीवे (शाफ्टच्या चावीची खाच) मारायला टर्नरकडे दिली. टर्नर गणपतीला कोकणात गेलेला. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लेथवाल्यांना तोटा नाही, पण पुली जरा जरी वाकडी फिरली तर पूर्ण मशीन थरथरतं आणि मला याच माणसाचा हात लागतो. म्हणून थांबलो. थांबण्यात चूक नव्हती. तुम्हाला फोन केला नाही ही चूक. तुम्ही केलेल्या चार फोनना ‘उद्या’ म्हणालो ही त्याहून मोठी.

सायकलची ट्यूब मात्र मान्य नाही. चाकावरचा मूळ रबर टायर कडक होऊन त्याला टाचेसारख्या भेगा पडल्या होत्या. त्या मापाचा तयार टायर परदेशातून मागवायचा भाव सांगितला, तुम्ही नको म्हणालात, आणि मीही नको म्हणालो असतो. मग ३ मिलिमीटर निओप्रीनची पट्टी, टोकं तिरपी कापून, चिकटवली. चाक फिरवत सँडपेपरने घासून मध्ये किंचित उंचवटा ठेवला. ब्लेड त्या उंचवट्याकडे चढतं आणि तिथे टिकतं, म्हणून तो लागतो. ट्यूबला असा आकार देता येत नाही.

आणि नागदेवीला शिवी म्हणून वापरू नका. बेअरिंगवर ६२०३ लिहिलेलं असलं की आत १७, बाहेर ४०, रुंदी १२ मिलिमीटर, मग ते जपानचं असो की पुण्याचं. मशीनवाली कंपनीही बेअरिंग स्वतः बनवत नाही, विकतच आणते. तुमची जुनी बेअरिंगं आणि नव्यांचे रिकामे खोके पिशवीत घालून दिलेत, नंबर जुळवून बघा.

राहिली टक-टक. इथे तुम्ही बरोबर आहात, आणि पुरावाही तुम्हीच दिलात. तुमच्या व्हिडिओत प्लग काढलेला आहे, वरच्या चाकावर खडूची खूण आहे आणि तुम्ही हाताने चाक फिरवताय. मी तो पाच-सहा वेळा बघितला. टायरचा सांधा वाजत असता तर आवाज चाकाच्या प्रत्येक फेरीला, खडूच्या त्याच जागी आला असता. तसा येत नाही. दोन फेऱ्या होऊन खूण थोडी पुढे गेली की टक, पुन्हा दोन फेऱ्या आणि थोडं पुढे, टक. ब्लेड २३७५ मिलिमीटर, चाकाचा घेर साधारण १११७, म्हणजे ब्लेडच्या एका चकरेला चाकाच्या दोनहून किंचित जास्त फेऱ्या. आवाज ब्लेडचा आहे. रोलमधून कापून आम्हीच वेल्ड केलेलं ब्लेड. वेल्ड झाल्यावर सांधा मंद तापवून नरम करावा लागतो, नाहीतर तो काचेसारखा मोडतो. ते केलं होतं. पाठीकडची गाठ घासायची अर्धवट राहिली आणि ती ब्लेडला मागून टेकू देणाऱ्या बेअरिंगला धडकतेय. खडूची युक्ती कोणी शिकवली माहीत नाही, आमच्या पोराला तरी सुचली नसती.

पैशांचं. वरचे ३,३०० पुली, बोरिंग आणि मोटरखालच्या प्लेटचे, कारण नव्या मोटरच्या पायांची भोकंही जुन्या जागी बसत नव्हती. खर्च झाला तो झाला, सामानाचे पैसे परत देत नाही. पण न विचारता काम वाढवलं, तर त्यातली १,४०० मजुरी माझ्या अंगावर. ती परत करतो.

गुरुवारी दुपारी नवं ब्लेड घेऊन मी येतो, पोरगंही सोबत असेल. तोवर ते ब्लेड चालवू नका. प्लग काढलेलाच असू द्या आणि वरच्या नॉबने ब्लेडचा ताण सैल करून ठेवा, नाहीतर नव्या रबरावर दाब बसून खाच पडेल. तुमचा जुना ट्रान्सफॉर्मर अजून आमच्या बाकाखालीच आहे, तोही आणतो.