पंधरापैकी पंधरा

आज नागपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात, अपघाताच्या नुकसानभरपाईच्या केसमध्ये, विमा कंपनीच्या वकिलांनी आमच्या भाऊजींना विचारलं, "आज वार कोणता?" भाऊजींनी बरोबर सांगितला. "मुलगी कितवीत?" तेही सांगितलं. "सकाळी काय जेवले?" "वांग्याची भाजी अन् पोळी." वकील न्यायाधीशांकडे बघून गालातल्या गालात हसले. झालं, माणूस ठणठणीत! ताईचा चेहरा बघवत नव्हता. तेव्हापासून टाळकं सटकलंय, म्हणून हे लिहून राहिलो. लांबेल. वेळ नसेल त्यांनी पुढे सरकावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भाऊजी हिंगणा एमआयडीसीत सुपरवायझर होते. सेकंड शिफ्ट करून आउटर रिंग रोडनं घरी येत होते. रस्त्यावर ट्रक उभा. मागचा लाइट बंद, रेडियमची पट्टी चिखलानं माखलेली, लाल त्रिकोण वगैरे तर सोडाच. पाटा, म्हणजे चाकावरची लोखंडी स्प्रिंग, तुटला होता म्हणे. खूण म्हणून मागे चार दगड अन् पळसाची फांदी. दगड डांबराच्या रंगाचे, फांदी अंधाराच्या रंगाची. मोटरसायकल सरळ मागून आत गेली.

आता वकील म्हणतात, ट्रक तर उभा होता, मागून हे धडकले, चूक यांची. व्वा रे व्वा! उभा होता हेच तर दुखणं आहे ना बाप्पा! भर रस्त्यात लोखंडाची भिंत बांधून ठेवायची अन् वर विचारायचं, दिसली काऊन नाही?

हेल्मेट होतं. पट्टा लावलेला नव्हता, हे खरं आहे. लावायला हवा होता. पुढे.

मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, ट्रॉमा सेंटरच्या वाऱ्या ज्यांनी केल्या त्यांना ते दिवस सांगायला नको. मेंदूला सूज आली म्हणून कवटीचा उजवीकडचा तुकडा काढला आणि तो सांभाळून राहावा म्हणून पोटाच्या कातडीखाली ठेवला. हो, असं करतात. सूज उतरली की पोटातून काढून परत डोक्याला बसवतात. मधल्या काळात डोक्याचा तो भाग खोलगट होता आणि नाडीच्या ठोक्यागणिक कातडी हलायची. झोपेत त्या कुशीवर वळू नये म्हणून ताई उशी लावून रात्र रात्र बसायची. भाचीनं एकदा पोटावरचे टाके बघून विचारलं, "बाबा पोटानं विचार करतात का आता?" आम्ही हसलो होतो. तेव्हा हसू यायचं, कारण जीव वाचला होता.

घरी सोडताना कार्डावर लिहिलं होतं, जीसीएस १५. म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. १९७४ साली ग्लासगोच्या डॉक्टरांनी काढलेली मोजणी आहे ती. डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितलं तसं हातपाय हलवतो का. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. आमचे भाऊजी पंधरापैकी पंधरा! मी स्वतः पेढे वाटले वॉर्डात. ही मोजणी वाईट नाही, तिच्यावरच तर पेशंटचं पुढचं ठरतं. पण ती शुद्ध मोजते, माणूस मोजत नाही. तोच कागद आज वकिलांनी फाइलीतून काढून दाखवला.

आता हा पंधरापैकी पंधरा माणूस घरी कसा आहे ते सांगतो. सकाळी ताई बादली भरून देते. भाऊजी बादलीकडे बघत उभे राहतात. पाणी थंड होईपर्यंत उभे. दाराबाहेरून "घ्या अंगावर" म्हटलं की एक तांब्या घेतात. पुन्हा थांबतात. पुन्हा "घ्या". साबण कशाला असतो, टॉवेल कुठे आहे, सगळं माहीत आहे. विचारा, पटापट सांगतील. फक्त सुरुवात होत नाही. डॉक्टरांनी समजावलं, कपाळामागच्या भागाला मार आहे. एखादी गोष्ट स्वतःहून सुरू करणं, रागाला आवरणं, पुढचा विचार करणं, हे सगळं तिथून चालतं. म्हणजे जो माणूस विचारल्याशिवाय काहीच करू शकत नाही, त्याला कोर्टात उभं करून विचारायचं अन् त्यानं उत्तर दिलं की म्हणायचं, बघा, चांगला आहे! अरे, प्रश्न विचारणं हीच तर त्याची काठी आहे. ती हातात देऊन म्हणता, बघा, लंगडत नाही.

वासही गेलाय. नाकातून मेंदूत जाणारे बारीक तंतू हाडाच्या चाळणीतून वर जातात, जोरात दणका बसला की ते तुटतात. गॅसवर दूध जळून पातेलं काळं झालं, हे दोन हातांवर बसून होते. आणि राग. ज्या माणसानं आवाज चढवून कधी पाणी मागितलं नाही, तो माझ्या आईसमोर असं काही बोलून गेला की इथं लिहिता येत नाही. दहा मिनिटांनी विसरले. आई नाही विसरली. कंपनीनं परत घेतलं होतं, तेही सांगायला हवं. पण सुपरवायझर स्वतःहून लाइनवर जातच नसेल तर तेही किती दिवस ठेवणार?

दिव्यांग प्रमाणपत्राला गेलो तर तिथं डावा हात मोजला. थोडा कमजोर आहे. टक्केवारी ४० च्या आत, म्हणजे फायद्याच्या बाहेर. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, पण अपघातात मेंदूला झालेली इजा असा वेगळा प्रकार त्यात नाही. हात तुटला असता तर बरं झालं असतं, असं ताई त्या दिवशी बोलून गेली. कुणी बोट ठेवू नका तिच्यावर.

सर्वोच्च न्यायालय मात्र हे ओळखतं. २०१० च्या निकालात स्पष्ट म्हटलंय, शरीराची टक्केवारी वेगळी अन् कमाईची टक्केवारी वेगळी. हात गेलेला सुतार आणि हात गेलेला कारकून एका मापानं मोजू नका. २०२० मध्ये तर १२ वर्षांच्या एका मुलीच्या प्रकरणात, ट्रकच्या धडकेनं तिची समज तान्ह्या बाळाएवढी झाली होती, कोर्टानं तिच्याजवळ जन्मभर राहणाऱ्या माणसांचा पगारसुद्धा हिशेबात धरला. एकूण ६२ लाख २७ हजार. धडक २००७ ची, निकाल २०२० चा. मधली वर्षं कुणी काढली? घरच्यांनीच.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, केंद्रानं अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार आणले. सात दिवस, दीड लाखापर्यंत. चांगलंच आहे, नावं ठेवत नाही. पण राजेहो, डोक्याचा मार सात दिवसांत संपत नाही. आठव्या दिवसापासून बायको नर्स, बायको कमावती, बायको "घ्या अंगावर" म्हणणारी. आणि पाहुणे येऊन सांगतात, "देवाची कृपा समजा, कुंकू शाबूत आहे." असं म्हणणाऱ्याला यापुढे माझ्या ताईच्या घरी चहा नाही.

एक गोष्ट सांगतोच, नाहीतर अन्याय होईल. त्या ट्रकचा ड्रायव्हर पळाला नाही. क्लीनर म्हणजे मिसरूड न फुटलेलं पोरगं, त्यानं स्वतःचा गमछा भाऊजींच्या डोक्याला आवळून बांधला. ड्रायव्हर पोलिसांना सांगत होता, संध्याकाळपासून मालकाला फोन लावून राहिलो, उचलत नाही. तेव्हाच्या १९६१ च्या कायद्यानं ड्रायव्हरला दिवसाचे आठ तास होते. त्याला विचारलं शेवटचा कधी झोपला, तर त्याला आठवेना. त्या माणसाविषयी माझ्या मनात काही नाही. पाटाही उगाच तुटत नाही. माल किती भरला होता हे कागदावर कधी आलंच नाही. जादा मालाला २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार आहेत, पण त्यासाठी आधी कुणी काट्यावर घ्यायला हवं ना.

अन् आपलं गाव म्हणजे देशाचा मधोमध. ४४ नंबरचा हायवे आणि ५३ नंबरचा इथंच एकमेकांना छेदतात, वरून समृद्धी. कोळसा, राख, रेती, संत्री, सगळं आपल्या अंगणातून जातं. अभिमान आहे, मलाही आहे. माझ्या लिस्टमध्ये वाडी-कापसीकडचे ट्रान्सपोर्टवाले मित्र आहेत, लग्नाकार्यात एका पंगतीला बसतो आपण. तुम्ही "सगळे तसे नसतात" म्हणाल. नसतील. मग आज रात्री तुमच्या यार्डात जा, एकेका गाडीच्या मागं उभं राहून मोबाइलचा टॉर्च मारा. रेडियम चमकत नसेल तर ती गाडी सकाळी बाहेर काढू नका. त्रिकोण केबिनमध्ये आहे की घरी, बघा. अन् ड्रायव्हरचा फोन आला तर उचला. राग आला असेल तर मला अनफ्रेंड करा, पण फोन उचला.