समीक्षक क्रमांक दोन यांचे मनःपूर्वक आभार

पेपर जर्नलला पाठवण्याआधी एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढावा, असा घातक मोह प्रत्येक संशोधकाला कधी ना कधी होतो. तो आवरा. वाचायला बसलात तर पद्धतीच्या भागात सहभागी माणसं ११४ आहेत आणि तक्ता ३ मधली बेरीज मात्र ११२ भरते, असलं काहीतरी डोळ्यांत खुपेल. मग त्या दोन माणसांचा शोध सुरू. मूळ एक्सेल फाइल कुणाच्या लॅपटॉपवर आहे ते विचारा, ती ज्याने भरली तो पीएचडी उरकून कुठे गेला ते शोधा, त्याला आठवतंय का बघा. एवढ्या उस्तवारीत महिना जातो. त्यापेक्षा पेपर चारही सहलेखकांना धाडा आणि वर लिहा, "कृपया शेवटची नजर टाकावी." पहिल्याला वाटतं दुसऱ्याने बघितलंय, दुसऱ्याला वाटतं तिसऱ्याने. चौथे विभागप्रमुख असतात, ते फक्त आपलं नाव शाबूत आहे ना एवढं पाहतात. संध्याकाळपर्यंत चार उत्तरं येतील: "छान झालाय, पाठवून द्या."

सहलेखकांचं निघालंच आहे तर तेही उरकून घेऊ. लेखक कुणाला म्हणावं यासाठी वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने चार अटी घातल्या आहेत. कामात भरीव वाटा हवा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात हात हवा, अंतिम प्रतीला मान्यता हवी आणि पुढे काही भानगड निघाली तर जबाबदारी घ्यायची तयारी हवी. चारही एकदम हव्यात. तुमच्या प्रयोगशाळेच्या खर्चावर ज्यांची सही लागते, ते या चारही पूर्ण करतात असं समजून चाला. आदर्श सहलेखक हवा असेल तर १९७५ सालचं उदाहरण घ्या. जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'साठी एकट्याने पेपर लिहिला आणि सवयीने सगळीकडे 'आम्ही' लिहून बसला. लेखक एकच असेल तर 'आम्ही' चालणार नाही, असं सहकाऱ्याने सांगितलं. टाइपरायटरचे दिवस. सगळं पुन्हा टाइप करण्यापेक्षा त्याने आपल्या मांजराला एफ. डी. सी. विलर्ड असं भारदस्त नाव देऊन सहलेखक केलं, आणि पेपर छापून आला. मांजराने चारपैकी एकही अट पूर्ण केली नव्हती, हे कबूल. पण 'माझं नाव दुसरं का?' असंही त्याने कधी विचारलं नाही. असा सहलेखक मिळाला तर जपा.

आता जर्नल निवडायचं. विषय जुळतो का, तिथे आपलं काम कोण वाचेल, असल्या बारीकसारीक गोष्टींत शिरू नका. इम्पॅक्ट फॅक्टर बघा. त्या जर्नलमध्ये आधीच्या दोन वर्षांत आलेल्या लेखांचे यंदा सरासरी किती वेळा उल्लेख झाले, एवढाच तो आकडा. म्हणजे वर्गाची सरासरी. तिच्यावरून शेवटच्या बाकावरच्या पोराची अक्कल कळत नाही, हे सगळ्यांना समजतं. बढतीच्या अर्जात रकाना मात्र सरासरीचाच असतो. तेव्हा सुरुवात थेट शिखरावरून करा. तिथून तीन दिवसांत नकार येईल. मनाला लावून घेऊ नका. हान्स क्रेब्झ या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये सायट्रिक आम्लाच्या चक्राबद्दलचं, म्हणजे पेशी अन्नातून ऊर्जा कशी काढतात त्याबद्दलचं टिपण 'नेचर'कडे धाडलं, तेव्हा सात-आठ आठवडे पुरतील इतकी पत्रं आधीच पडून आहेत, असं कळवून त्यांनी हात वर केले. त्याने ते दुसरीकडे छापलं आणि १९५३ मध्ये नोबेल घेतलं. तुम्हालाही 'नेचर'ने नाकारलंय. म्हणजे अर्धं काम झालं.

शिखरावरून एकेक पायरी उतरताना प्रत्येक ठिकाणी संदर्भसूचीचा साज बदलावा लागतो. इथे वर्ष कंसात, तिथे कंसाबाहेर; इथे जर्नलचं नाव पूर्ण, तिथे तोडून; इथे सहा लेखकांनंतर 'इतर', तिथे तिघांनंतरच. यात तीन-चार रात्री घाला. विज्ञान पुढे जातं ते असंच. नंतर पोर्टल उघडतं. पेपरमध्ये शीर्षक, सारांश, लेखकांची नावं, पत्ते सगळं आहेच. तेच सगळं आता रकान्यांत पुन्हा भरायचं. मग यंत्रणा स्वतःच एक पीडीएफ तयार करते आणि 'मान्य आहे' असं म्हणायला लावते. त्यात आकृती २ आडवी झालेली असते आणि ग्रीक अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन बसलेले असतात. मान्य करा. आणि हो, संपादकांना लिहिलेलं पत्र तेवढं बघून घ्या. "आपल्या प्रतिष्ठित जर्नलचा मी अनेक वर्षांचा निष्ठावान वाचक आहे," असं मी एकदा मोठ्या जिव्हाळ्याने लिहिलं होतं. फक्त जर्नलचं नाव त्याआधी नकार देणाऱ्याचं राहिलं होतं. निष्ठा खरी होती, पत्ता चुकला.

छापण्याआधी पेपर त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून, निनावी राहून, तपासून घेतात; हेच समीक्षक. पोर्टलवर संभाव्य समीक्षकांची नावं सुचवायला सांगतात. इथे तुमची माणसं घाला, पण जपून. २०१२ मध्ये एका संशोधकाचं बिंग फुटलं. त्याने सुचवलेल्या समीक्षकांचे ईमेल पत्ते त्याच्या स्वतःच्याच ताब्यात होते, त्यामुळे तो आपल्या पेपरचं समीक्षण आपणच करत होता. संपादकांना संशय कशाने आला? अभिप्राय चोवीस तासांत येत होते. लबाडी खपली असती हो, वक्तशीरपणा खपला नाही. खरा समीक्षक तीन आठवडे मुदत घेतो, सहा आठवडे गप्प बसतो आणि दोन स्मरणपत्रांनंतर लिहितो की प्रवासात होतो.

मजकुराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्रस्तावनेत नमनाला घडाभर तेल घाला. पी-व्हॅल्यू म्हणजे परिणाम काहीच नसताना असा निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता; ती ०.०५ च्या खाली हवी असा रिवाज आहे. ती ०.०४८ आली तर 'सिद्ध झालं' म्हणा, ०.०५२ आली तर 'स्पष्ट कल दिसतो' म्हणा. निष्कर्ष हाती आल्यावर त्याला साजेसं गृहीतक लिहा आणि ते प्रस्तावनेत बसवा. वरातीमागून घोडं आणायचंच, फक्त छापताना ते पुढे दाखवायचं. दुसऱ्याची वाक्यं उचलायची असतील तर हल्ली सॉफ्टवेअर पकडतं, म्हणून काही मंडळी यंत्राकडून शब्द फिरवून घेतात. अशा फिरवलेल्या शब्दांचा माग काही संशोधकांनी २०२१ मध्ये काढला, तेव्हा छापून आलेल्या पेपरांत 'कृत्रिम बुद्धिमत्ते'ची 'नकली जाणीव' झालेली सापडली आणि स्तनाच्या कर्करोगाचं 'वक्षसंकट'. २०२४ मध्ये तर एका पेपरच्या प्रस्तावनेचं पहिलंच वाक्य, मराठीत सांगायचं तर, असं होतं: "नक्कीच, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना." लेखकांनी पाहिलं, समीक्षकांनी पाहिलं, संपादकांनी पाहिलं, प्रुफं तपासली गेली आणि वाक्य छापून आलं. पहिलं वाक्य! तुमच्या तक्ता ३ चा आता घोर लागत असेल तर या घटनेचं रोज सकाळी स्मरण करा.

मग प्रतीक्षा. पोर्टलवर स्थिती दिसते: 'संपादकांकडे', मग 'समीक्षण सुरू', मग पुन्हा 'संपादकांकडे'. रात्री दीड वाजता उठून हे पाहायची सवय लावा. शब्द तोच असतो, पण शेजारची तारीख बदललेली असते, आणि त्या एका तारखेवरून तुमच्या आयुष्याचं भविष्य काढणारे ज्योतिषी इंटरनेटवर ढिगाने भेटतात. संपादकाला चौकशीचं पत्र लिहायचं तर तिसऱ्या महिन्यानंतर, तेही अंग चोरून.

निकाल येतो तेव्हा समीक्षक तीन असतात. पहिल्याचा अभिप्राय दोन ओळींचा: लेख चांगला आहे, काही टंकदोष तपासावेत. कुठले, ते सांगत नाही. तिसरा तुमचाच सारांश तुम्हाला परत वाचून दाखवतो आणि शेवटी 'भाषा सुधारावी' म्हणतो. आणि मग दुसरा. समीक्षक क्रमांक दोन. या माणसाने तुमच्यासाठी सुट्टीचा आख्खा दिवस घातलेला असतो, आणि तो तसा गेल्याचा राग तेवीस मुद्द्यांत उतरलेला असतो. मुद्दा १: लेखकांना या क्षेत्रातलं पायाभूत काम ठाऊक दिसत नाही, पुढील पाच लेख पाहावेत. पाचही लेखांत एक आडनाव सारखं आहे, त्यामुळे गुप्त समीक्षणातलं गुप्त तिथेच संपतं. मुद्दा ६: हा अभ्यास करण्याऐवजी वेगळा अभ्यास करायला हवा होता. मुद्दा ९: मुद्दा ६ प्रमाणे केल्यास नमुना अपुरा पडेल. मुद्दा १२: 'तथापि' हा शब्द फार वेळा आला आहे. मुद्दा १७: तक्ता ३ मधली बेरीज पद्धतीच्या भागातल्या संख्येशी जुळत नाही.

समीक्षकाचं समाधान झाल्याचं एक उदाहरण मला ठाऊक आहे. १९७४ मध्ये डेनिस अपर या मानसशास्त्रज्ञाने लेखन अडण्याच्या विकारावर स्वतःवरच केलेल्या अयशस्वी उपचाराचा पेपर दिला. शीर्षक होतं, खाली पान कोरं. समीक्षकाने लिंबाचा रस आणि क्ष-किरण वापरून हस्तलिखित बारकाईने तपासल्याचं आणि एकही दोष न आढळल्याचं कळवलं. तुमच्या पेपरात दुर्दैवाने मजकूर आहे.

चिडून उत्तर द्यायचं मनात येईल. आइनस्टाइनने दिलं होतं. १९३६ मध्ये त्याने नेथन रोझेनबरोबर गुरुत्वीय लहरींवरचा पेपर 'फिजिकल रिव्ह्यू'ला पाठवला. अशा लहरी अस्तित्वातच नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. संपादकाने तो समीक्षकाकडे दिला आणि समीक्षकाने चुका काढल्या. छापायला दिलेला लेख परस्पर तज्ज्ञाला दाखवायची परवानगी कुणी दिली, असं सुनावून आइनस्टाइनने पेपर मागे घेतला आणि दुसऱ्या जर्नलकडे वळवला. तिथे तो १९३७ मध्ये आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता, कारण मधल्या काळात चूक त्याच्या लक्षात आणून दिली गेली होती. ती आणून देण्यात हॉवर्ड रॉबर्टसन या भौतिकशास्त्रज्ञाचा हात होता, आणि तो निनावी समीक्षकही तोच, हे जर्नलच्या जुन्या नोंदींतून फार उशिरा बाहेर आलं. त्या लहरी २०१५ मध्ये उपकरणांत सापडल्यासुद्धा. पण आपण आइनस्टाइन नाही, तेव्हा आपल्याला चिडायची सोय नाही. आपण आभार मानायचे.

आभारांचं एक शास्त्र आहे. उत्तराच्या पत्रात प्रत्येक मुद्दा उतरवायचा आणि खाली निळ्या अक्षरांत लिहायचं. सांगितलेला बदल खरोखर केला असेल तर नुसते 'आभार'. अर्धवट केला असेल तर 'ऋणी आहोत'. अजिबात करायचा नसेल तिथे 'या मार्मिक आणि मूलगामी सूचनेबद्दल आम्ही समीक्षकांचे अत्यंत ऋणी आहोत' आणि पाठोपाठ 'भविष्यातील संशोधनात याचा अवश्य विचार केला जाईल'. ते पाच लेख निमूट संदर्भसूचीत घाला. चार 'तथापि' काढून दोन 'मात्र' आणि दोन 'परंतु' बसवा. मुद्दा १७ ला असं उत्तर द्या: "समीक्षकांनी अत्यंत बारकाईने नोंदवलेल्या या निरीक्षणाबद्दल शतशः आभार. तक्ता ३ आता अधिक सुस्पष्ट करण्यात आला आहे." आणि तक्त्याच्या रेघा जाड करा.

चौदा महिन्यांनी स्वीकृतीचं पत्र येतं. घोडं गंगेत न्हालं. विभागाच्या ग्रुपवर अभिनंदनाचे अंगठे पडतात, विभागप्रमुख 'आमचा पेपर' म्हणू लागतात. लेखाचे हक्क प्रकाशकाच्या नावे करून देणारा फॉर्म तुम्ही न वाचता भरता, कारण न वाचण्याचा सराव एव्हाना पक्का झालेला असतो.

मग शुक्रवारी रात्री प्रुफं येतात. चौदा महिने लागलेल्या लेखावर शेवटचा हात फिरवायला मुदत अठ्ठेचाळीस तास. तुम्ही दिवा लावून बसता आणि पेपर पहिल्यांदाच सलग वाचता. नव्या टाइपात तो बरा दिसतो, जरा दुसऱ्या कुणाचा वाटतो. पद्धतीच्या भागात ११४. चार पानं उलटल्यावर तक्ता ३. जाड रेघा. तुम्ही मोबाइलवर बेरीज करता, मग खालून वर करता, मग कागदावर. ११२.

प्रुफाच्या वरच चौकट आहे: या टप्प्यावर केवळ टंकदोष दुरुस्त करता येतील, आकडेवारीत बदल असल्यास लेख पुन्हा संपादकांकडे, आणि आवश्यक वाटल्यास समीक्षकांकडे पाठवला जाईल. समीक्षकांकडे, म्हणजे कुणाकडे, ते तुम्हाला ठाऊक आहे. 'दुरुस्ती नाही' वर टिचकी मारा आणि झोपा. तो तक्ता नीट वाचणारा माणूस जगात एकच निघाला, आणि त्याचे शतशः आभार आपण मानून झालेत.