नंबर आईच्या डोळ्यांचा, मग कागद दुकानाचा कसा?

"नंबर लिहून देत नाही आम्ही. चष्मा इथेच करणार असाल तर सिस्टिममध्ये आहे."

काल संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातल्या पोराने माझ्या आईला हे ऐकवलं. सत्तरी ओलांडलेली बाई, कित्येक वर्षांचा मधुमेह, आणि तिच्याच डोळ्यांचा नंबर तिला द्यायला हा नाही म्हणतो! का, तर तपासणी मोफत आहे. अरे, मग काढून टाका तो दारावरचा बोर्ड. तपासणीचे पैसे घ्या, पण नंबर हातात द्या. मी पाकीट काढून उभी होते. तर म्हणे, "मॅडम, तसा ऑप्शनच नाही."

तपासणी तरी काय केली? हनुवटी टेकवा, लांबचा फुगा बघा, झालं. मशीनमधून निघालेली चिठ्ठी म्हणजे नंबर नव्हे, तो पहिला अंदाज असतो. त्यावरून पुढे ट्रायल फ्रेम लावायची, एक डोळा झाकायचा, भिंगं बदलत बदलत 'हे बरं की आधीचं' असं विचारायचं, सिलिंडरचा, म्हणजे तिरक्या नंबराच्या भिंगाचा, अक्ष थोडा थोडा फिरवून बघायचा. खरं काम ते आहे. त्याला वेळ लागतो. ह्याने चिठ्ठीवरची भिंगं जशीच्या तशी अडकवली आणि "दिसतंय ना काकू? क्लिअर आहे ना?" आई घाबरून हो म्हणाली. तक्ता कुठे टांगलेला, तर काउंटरच्या मागच्या भिंतीवर, चार पावलांवर. सहा मीटरवरून वाचायचा असतो तो! जागा नसेल तर आरसा लावून निम्म्या खोलीत भागवतात, पण आरसाही नव्हता.

आणि साखरेबद्दल एक शब्द नाही. आईची शुगर मध्यंतरी खूप चढली होती, आता गोळ्या बदलल्यात. साखर अशी वरखाली होत असली की डोळ्यातलं भिंग फुगतं, आक्रसतं आणि नंबर हलतो. ती स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करायचाच नसतो. म्हणजे हा चष्मा आईने केला असता तर महिन्याभरात तोच डोकेदुखी झाला असता. ह्या पोराने विचारलं काय? "प्रोग्रेसिव्ह घेणार की बायफोकल?" म्हणजे लांबचं-जवळचं दिसणारी काच बिनरेषेची हवी की रेषेची, एवढंच. मधुमेहाच्या माणसाला वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या, हे सांगणं तपासणाऱ्याचं काम नाही का? रेटिनोपथी, म्हणजे मधुमेहाने पडद्याला होणारा आजार, सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, अक्षरंही नीट दिसतात. काचबिंदूचंही तेच. नजर जायला लागल्यावर माणसाला कळतं, आणि गेलेली नजर सहसा परत येत नाही.

वर तो ब्लू कट, म्हणजे स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणारी काच! दर वेळी, प्रत्येक दुकानात, मोबाइल बघता का, मग ब्लू कट घ्याच. २०२३ मध्ये कॉक्रेन ह्या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या, आणि कॉम्प्युटरने डोळ्यांवर येणारा ताण ह्या काचांनी कमी होतो असं काही आढळलं नाही. पण आईसारख्या बाईला "डोळे खराब होतील" म्हटलं की ती जास्तीचे पैसे मुकाट काढून देते. भीती घालून विकणं म्हणतात ह्याला. मला भयंकर चीड आहे ह्या प्रकाराची.

माझ्या भाच्याच्या बाबतीतही हेच. आठ वर्षांचं पोर, दुकानात मशीनवर बसवलं आणि मायनसचा चष्मा चढवला. लहान मुलं मशीनमध्ये बघताना डोळा ताणतात, त्यामुळे नसलेला मायनस दिसतो. म्हणून डोळा सैल करणारे थेंब घालून तपासायचं असतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून बघितलं तर नंबर जवळजवळ नव्हताच! तोवर ते लेकरू डोकं धरून शाळेत जात होतं.

मेडिकलच्या दुकानात भिंतीवर फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन टांगलेलं असतं. त्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ चा. डोळे तपासणाऱ्यांची देशभर नोंदणी व्हावी म्हणून केंद्राचा कायदा आला २०२१ मध्ये. ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे शिकून डोळे तपासणारे, त्यात आहेत. राज्यांनी परिषदा नेमायच्या होत्या, ते इतकं रेंगाळलं की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. अमेरिकेत १९७८ पासून नियम आहे, तपासणी संपली की नंबरचा कागद मागायच्या आत पेशंटच्या हातात द्यायचा, त्याने चष्मा कुठेही करावा. इतका साधा नियम आपल्याकडे दुकानदारांना पाळायला लावायला काय अडचण आहे? कागदावर नंबर, तारीख, तपासणाऱ्याचं नाव, नोंदणी क्रमांक. प्रोग्रेसिव्ह असेल तर दोन्ही डोळ्यांची पीडी, म्हणजे नाकाच्या मध्यापासून बाहुलीपर्यंतचं अंतर, वेगवेगळी. ती दोन-तीन मिलिमीटर चुकली तरी म्हातारं माणूस जिन्यावर चाचपडतं.

आणि शिकलेली माणसं नाहीत असं कुणी सांगू नका. बी.ऑप्टोम. ही डोळे तपासण्याची पदवी काही वर्षांची आहे, त्यात इंटर्नशिपही आली. माझ्या मैत्रिणीची मुलगी ते करून बाहेर पडली. रेटिनोस्कोपी, म्हणजे उजेड टाकून नंबर काढणं, येतं, स्लिट लॅम्पखाली डोळा बारकाईने बघता येतो, कुणाला पुढे डॉक्टरकडे पाठवायचं ते नेमकं कळतं. नोकरी लागली ती साखळी दुकानात, आणि महिनाअखेरीला तिला विचारतात काय, तर फ्रेमा किती गेल्या, कोटिंग किती जणांच्या गळ्यात मारलंस. एका पेशंटला जास्त वेळ दिला म्हणून मॅनेजर सगळ्यांसमोर बोलला तिला. त्या मॅनेजरने आयुष्यात एक डोळा तपासलेला नाही.