कणाचा आकार बदलला की रंग बदलतो
क्वांटम तंत्रज्ञानावरचा लेख आवडला पण क्वांटम डॉट्सना नुसतं "चमकणारे अतिसूक्ष्म कण" म्हणून एका ओळीत उरकलंय ते खटकलं, खरी गोष्ट तर तिथेच आहे. कॅडमियम सेलेनाइड हा अर्धवाहक (सेमीकंडक्टर) पदार्थ घ्या, त्याचे दोन-अडीच नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण असलेली बाटली अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरली तर निळी-हिरवी चमकते आणि तेच कण सहा नॅनोमीटरपर्यंत वाढू दिले की लालभडक, म्हणजे पदार्थ तोच, बदललं फक्त माप! इलेक्ट्रॉनला जागा कमी पडली की त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्यांमधलं अंतर वाढतं म्हणून असं होतं.

एकिमोव्ह या शास्त्रज्ञांना हे रंगीत काचेत दिसलं, ब्रूस या दुसऱ्या शास्त्रज्ञांना द्रावणात, पण सगळे कण एकाच मापाचे काही जमेनात. ते १९९३ साली बावेंडी या तिसऱ्या शास्त्रज्ञांच्या टीमने जमवलं, कडक तापलेल्या द्रावणात रसायन एकदम सोडायचं, म्हणजे सगळ्या कणांची सुरुवात एकाच क्षणी होते आणि पुढे ते बरोबरीने वाढतात. किती साधी आणि किती सुंदर युक्ती आहे ही! २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांनाही मिळालं.

क्वांटम कॉम्प्युटर लवकरच घरोघरी येतील हे लेखातलं म्हणणं मात्र अजिबात पटलं नाही. सुपरकंडक्टिंग (विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या) सर्किटचे क्यूबिट, म्हणजे अशा कॉम्प्युटरचे माहिती साठवणारे मूळ घटक, चालवायला निरपेक्ष शून्याच्या (सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअस) वर अंशाच्या जेमतेम शंभराव्या भागाइतकी थंडी लागते हो, ती घरात कुठून आणणार? त्यापेक्षा गूगलच्या १०५ क्यूबिटच्या विलो चिपवर लिहायला हवं होतं, तिथे एरर करेक्शनसाठी, म्हणजे चुका पकडून दुरुस्त करण्यासाठी, क्यूबिट वाढवले तशा चुका कमी होत गेल्या.